पाण्याचा रंग विटकरी होता

प्रश्न : डॉक्टर, सप्रेम नमस्कार. मी तासगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वय २७. अडीच वर्षांपासून माझा उजवा गुडघा सुजतो. पडले नाही, मार लागला नाही. आजवर चार वेळा गुडघ्यातलं पाणी काढलं, त्यात दोनदा ते तांबूस-विटकरी निघालं. आधी आमवात म्हणून वर्षभर गोळ्या झाल्या, पण रक्ताचे रिपोर्ट सगळे नॉर्मल. मग ‘सांध्याचा टीबी असणार’ म्हणून एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, चालू केली. तिला सात महिने झाले, सूज जशीच्या तशी. मागच्या महिन्यात एमआरआय केला. त्यात ‘डिफ्यूज पिगमेंटेड व्हिलोनोड्युलर सायनोव्हायटिस, म्हणजेच टेनोसायनोव्हियल जायंट सेल ट्यूमर’ असं लिहिलंय आणि खाली ‘टीबी नाकारता येत नाही’. ‘ट्यूमर’ वाचल्यापासून आईचं जेवण सुटलंय. एक सर्जन म्हणतात, पुढच्याच आठवड्यात दुर्बिणीने साफ करून टाकू. मामा म्हणतात, जळवा लावू. नेटवर अमेरिकेतल्या कुठल्याशा गोळीबद्दल वाचलं. हा कॅन्सर आहे का? ऑपरेशन करू की नको? घरात माझ्या लग्नाचं बघतायत, समोरच्यांना सांगायचं का? आणि मला पूर्वीसारखी मांडी घालता येईल का?

उत्तर : आधी आईंना जेवायला बसवा. तुमच्या रिपोर्टात ज्या आजाराचं नाव आहे तो कॅन्सर नाही. तो जिवावर उठत नाही. एरवी तो त्या एका सांध्यातच ठाण मांडून बसतो, अंगभर फिरत नाही. क्वचित एखाद्याच्या बाबतीत पुढे त्याचा कर्करोग झाल्याच्या नोंदी आहेत, पण त्या इतक्या विरळ आहेत की तेवढ्यासाठी रात्री जागवायचं कारण नाही. डॉक्टरी भाषेत ट्यूमर म्हणजे नको तिथे झालेली पेशींची वाढ. कपाळावरची चरबीची निरुपद्रवी गाठसुद्धा आमच्या कागदावर ट्यूमरच असते.

घाबरणाऱ्या तुमच्या आई पहिल्या नव्हेत. १८५२ साली फ्रान्समध्ये शासेन्याक नावाच्या सर्जनने बोटाच्या स्नायूरज्जूच्या म्यानावर वाढलेल्या अशाच गाठींचं वर्णन केलं आणि त्याला चक्क कर्करोग म्हटलं. पुढे १९४१ साली न्यूयॉर्कच्या जॅफे, लिक्टेनस्टाइन आणि सुट्रो यांनी बोटातल्या गाठी आणि गुडघ्यातली वाढ ही एकाच घराण्यातली आहेत हे ओळखलं, आणि तुमच्या रिपोर्टातलं ते जिभेला पीळ पाडणारं नाव दिलं. पिगमेंटेड म्हणजे रंग चढलेलं, व्हिलोनोड्युलर म्हणजे झालरीसारखं आणि गाठीगाठींचं, सायनोव्हायटिस म्हणजे सांध्याच्या अस्तराचा दाह. त्यांना हा दाह वाटला होता. आजाराचं मूळ पेशींच्या गुणसूत्रांतल्या बिघाडात असतं हे नंतर कळलं, म्हणून नाव बदलून टेनोसायनोव्हियल जायंट सेल ट्यूमर झालं. तुमच्या कागदावर दोन्ही नावं आहेत म्हणून दोन आजार समजू नका. एकाच मुलाचं घरातलं नाव आणि शाळेतलं नाव, तसं आहे ते.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या ओळीवर मी थबकलो ती सांगतो: ‘दोनदा ते तांबूस-विटकरी निघालं.’

सदऱ्याला आतून अस्तर असतं तसं सांध्यालाही असतं. त्याचं काम वंगण पाझरत ठेवण्याचं. निरोगी गुडघ्यातलं हे वंगण थोडंसंच असतं, फिकट गवती रंगाचं आणि कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखं तार धरणारं. तुमच्या आजारात या अस्तराच्या काही पेशींमध्ये पहिल्या आणि दुसऱ्या गुणसूत्राच्या तुकड्यांची अदलाबदल होते. त्यामुळे त्या पेशी सीएसएफ-१ नावाचं एक प्रथिन भरमसाट सोडू लागतात. हे प्रथिन म्हणजे शरीरातल्या भक्षक पेशींना दिलेली हाक. गंमत अशी, की बिघडलेल्या पेशी त्या वाढीत अगदी थोड्या असतात. बाकी सगळी हाक ऐकून जमलेली गर्दी. गावात चौघं ढोल बडवायला लागले की अख्खं गाव चौकात उभं राहतं, तशातला प्रकार. त्या गर्दीने अस्तर जाड होतं, त्याला शेवाळासारख्या झालरी फुटतात. चालताना त्या झालरी हाडांच्या मध्ये चिमटतात आणि थोडं थोडं रक्त येतं. रक्त विरघळून जातं, त्यातलं लोह मागे राहतं. पत्र्याच्या छपराखालच्या भिंतीवर पावसाळ्यात विटकरी ओघळ उतरतात ना, तोच रंग तुमच्या सिरिंजमध्ये आला होता.

मार न लागता, रक्त पातळ करणारी औषधं चालू नसताना तरुण माणसाच्या एकाच गुडघ्यातून पुन्हा पुन्हा असं पाणी निघतं, तेव्हा हा आजार मनात यायलाच हवा. सूज भरपूर आणि त्या मानाने दुखणं बेताचं, हीसुद्धा त्याची खूण. वय बहुधा वीस ते पन्नासच्या मधलं, आणि सांधा बहुतेक वेळा गुडघा, त्यानंतर खुबा आणि घोटा. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल येतात कारण सगळा गोंधळ त्या एका खोलीत चाललेला असतो, बाहेर ओसरीवर काही कळत नाही. साध्या एक्स-रेतही बरीच वर्षं काही दिसत नाही. आमवात बहुधा दोन्ही हातांच्या लहान सांध्यांना धरतो, सकाळी बोटं आखडतात. तुमच्या पत्रात त्याचा मागमूस नाही.

पण तुमच्या डॉक्टरांवर फार रागावू नका. नेदरलँड्समधल्या नोंदींवरून, सांधाभर पसरलेला हा प्रकार वर्षाला दहा लाख लोकांमागे जेमतेम चारांना नव्याने होतो. तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्याला अख्ख्या आयुष्यात तो एकदाही भेटणार नाही. टीबीचे सांधे मात्र त्याने पाहिलेले असतात. आपल्याकडे एकच सांधा महिनोन् महिने सुजला की टीबीचा संशय घेणं चूक नाही. चूक होते ती पुरावा न शोधता औषध चालू करण्यात.

ती चूक मीही केली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत ऊसतोडणीला जाणारा एक मुलगा घोट्याची सूज घेऊन माझ्याकडे आला. मी टीबी ठरवून मोकळा झालो. त्या पोराने नऊ महिने इमानेइतबारे गोळ्या खाल्ल्या, लघवी नारिंगी होते म्हणून घाबरला तरी सोडल्या नाहीत. शेवटी घोटा उघडला तेव्हा आत विटकरी-पिवळी झालर लोंबत होती. माझ्या वरिष्ठांनी टेबलावर एवढंच विचारलं, ‘पाणी काढलं होतंस ना? कुठल्या रंगाचं होतं?’ मला आठवेना. मी पाहिलंच नव्हतं, सिरिंज भरली आणि टाकून दिली होती. तुमचं चार वेळा काढलेलं पाणी एकदाही प्रयोगशाळेत गेल्याचं पत्रात नाही, तेव्हा मला तो घोटा आठवला.

एमआरआयकडे वळू. लोह चुंबकाशी खेळतं, म्हणून एमआरआयच्या चित्रात या आजाराचं अस्तर काळं दिसतं. ग्रेडियंट इको नावाचा एक क्रम असतो, त्यात तर ते काळे डाग आहेत त्याहून मोठे होऊन फुलतात. टीबीतही अस्तर जाड होतं, पण लोहाचा असा ठळक ठसा सहसा नसतो. तुमच्या तपासणीत हा क्रम घेतला होता का, एवढं रेडिऑलॉजिस्टना जाऊन विचारा. फिल्मवर भागवू नका, सीडी मागून घ्या. पुढच्या प्रत्येक डॉक्टरला ती लागणार आहे.

लोहाचा ठसा आणखी एका ठिकाणी सापडतो: रक्त न गोठण्याच्या आजारात सांध्यात वारंवार रक्तस्राव होतो तेव्हा. हिमोफिलिया प्रामुख्याने पुरुषांत दिसतो, तरी दात काढल्यावर तुमचं रक्त बराच वेळ थांबलं नव्हतं का, पाळीत अतिरेकी रक्तस्राव होतो का, हे डॉक्टरांना सांगा. रक्त गोठण्याच्या तपासण्या ऑपरेशनआधी करायच्याच असतात, त्या आत्ताच करून टाकाव्यात.

एवढं असूनही एमआरआय म्हणजे अंदाज. निकाल लागतो अस्तराच्या तुकड्याच्या तपासणीने, म्हणजे बायोप्सीने. तुमच्या रिपोर्टात खाली टीबीचा उल्लेख आहे, म्हणून तर तुकडा काढायलाच हवा. सोनोग्राफीत बघत जाड सुईने किंवा दुर्बिणीतून अस्तराचे तुकडे घेता येतात. पुढे जे सर्जन मोठं ऑपरेशन करणार त्यांनीच, किंवा त्यांच्या सांगण्यावरून दुसऱ्या कुणी ते घ्यावेत. क्वचित असा काळसर गोळा भलतंच काही, कर्करोगसुद्धा, निघतो, आणि तेव्हा सुई कुठून गेली याला महत्त्व येतं.

एक बारीकशी गोष्ट, पण माझ्यापुरती या उत्तरातली सर्वांत मोलाची. तुकडे दोन बाटल्यांत जायला हवेत. एका बाटलीत फॉर्मलिन, ती सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठी. दुसरीत नुसतं सलाइन, ती टीबीच्या कल्चरसाठी (जंतू वाढवून बघणं) आणि सीबीनॅटसाठी (जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी). फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात. सगळा माल एकाच फॉर्मलिनच्या बाटलीत टाकला की कल्चर करायला काही उरत नाही, आणि टीबी आहे की नाही हा घोळ जन्मभर तसाच राहतो. हे ऑपरेशन थिएटरच्या दारात घडतं, पाच मिनिटांत, बहुधा कुणी विचारलं नाही म्हणून. तुम्ही विचारा. ‘सलाइनची बाटली वेगळी ठेवलीय ना?’ असं पेशंटने विचारलं तर मला तरी राग आला नसता, लाज वाटली असती.

सूक्ष्मदर्शकाखाली गोल एककेंद्री पेशी, अनेक केंद्रकं असलेल्या राक्षसी पेशी, फेसाळ पेशी आणि लोहाचे विटकरी कण एकत्र दिसले की आजाराचं नाव पक्कं झालं. ‘जायंट सेल’ त्या राक्षसी पेशींवरून आलंय. राक्षस नावापुरताच.

निकाल येईपर्यंत एकेटीचं काय? स्वतःहून बंद करू नका. सात महिन्यांत तसूभर फरक नाही हे टीबीच्या विरोधात जातं, पण औषधाला न जुमानणारा टीबीही असतो. तुकड्याचा अहवाल हातात घेऊन, ज्यांनी औषध चालू केलं त्यांच्याशी किंवा जिल्ह्याच्या क्षयरोग केंद्रात बोला आणि मग निर्णय लेखी घ्या. निदान बदललं तर तुमचं नाव टीबीच्या यादीत उगाच राहायला नको.

आता पुढच्या आठवड्यातल्या दुर्बिणीबद्दल. नका करू. निदान पुढच्या आठवड्यात तरी नका.

मी आयुष्यभर सर्जरी केलेला माणूस आहे, दुर्बिणीच्या विरोधात नाही. या आजाराचा दुसरा प्रकार असतो, एका जागी धरलेली सुटी गाठ. तिथे दुर्बीण उत्तम: गाठ काढली, टाके घातले, बहुतेकांचा विषय संपतो. तुमच्या रिपोर्टात मात्र ‘डिफ्यूज’ हा शब्द आहे. म्हणजे आजार अख्ख्या अस्तरभर पसरलाय. गुडघ्याची पिशवी दिसते त्याहून फार मोठी असते. वाटीच्या वर ती मांडीत चांगली चार बोटं शिरते, दोन्ही बाजूंनी कोनाडे असतात, आणि मागे लवणीत जिथे मोठी धमनी नि नस जाते तिथेही ती उतरते. समोरून दोन भोकं पाडून ‘साफ’ केलेला गुडघा पुष्कळदा दर्शनी भागापुरताच साफ असतो. पाहुणे येणार म्हणून पुढची खोली झाडून घ्यावी आणि परसदारचा कचरा तसाच राहावा.

म्हणून सर्जनना नेमकं विचारा: एमआरआयमध्ये मागच्या भागात आजार आहे का, आणि असला तर तो कसा काढणार? पुष्कळ ठिकाणी समोरचा भाग दुर्बिणीने आणि मागचा लवणीत छेद घेऊन उघड्याने, असं एकाच वेळी किंवा दोन टप्प्यांत करतात. काही जण मागचा भागही दुर्बिणीने करतात, पण त्याला हात तयार लागतो. पुढचा प्रश्न विचारायला जड जातो, तरी विचारा: ‘आपण अशा किती केसेस केल्यात?’ उत्तर शून्य असलं तरी सर्जन वाईट ठरत नाही, आजारच दुर्मिळ आहे. पण मग पहिलं ऑपरेशन दुसरीकडे व्हावं. पहिल्या वेळी उती मोकळ्या असतात, थर ओळखू येतात. दुसऱ्या वेळी सगळं व्रणाने चिकटलेलं असतं, आणि तिसऱ्या वेळी सर्जनही मनातून खट्टू झालेला असतो.

आणि चांगल्या हातातूनही हा आजार परत येतो, हे आत्ताच ऐकून ठेवा. मोठ्या केंद्रांत ऑपरेशन झालेल्या डिफ्यूज रुग्णांत पाच वर्षांत दहापैकी चार ते पाच जणांना तो पुन्हा दिसला आहे. परत आला म्हणजे ऑपरेशन फसलं असं नाही, आणि प्रत्येक परतीला पुन्हा सुरी लावायची असंही नाही. साधारण सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय, मग काही वर्षं वर्षातून एकदा, असा माग ठेवावा लागतो.

ऑपरेशन न करण्याचाही एक रास्त पर्याय आहे, याची चर्चा दवाखान्यात कमी होते. सूज आहे पण वर्गात उभं राहता येतं, जिना चढता येतो, कुर्चा (हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी) आणि हाड शाबूत आहे, अशा रुग्णाला ठरावीक काळाने एमआरआय करत नुसतं नजरेखाली ठेवणं हे आता मान्य धोरण आहे. तुमचा गुडघा रोज किती अडवतो हे पत्रातून कळत नाही. गुडघा अडकतो का, सूज वाढत चालली आहे का, एमआरआयमध्ये हाडाला खड्डे पडलेत का, यावर निर्णय फिरेल. खड्डे पडत असतील तर थांबू नका, कारण गेलेली कुर्चा परत येत नाही, आणि सत्ताविसाव्या वर्षी कृत्रिम गुडघ्याची वेळ यावी असं कुणालाच वाटत नाही.

जायचं कुठे? तुम्हाला मिरज-सांगली जवळ आहे, तिथल्या मोठ्या रुग्णालयातल्या अस्थिरोग विभागात पहिलं मत घ्या. दुसऱ्या मतासाठी मुंबईत परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय आहे, तिथे हाडांच्या आणि मृदू उतींच्या गाठींचं काम वेगळं चालतं. आपल्याकडे ‘टाटाला नेलं’ म्हटलं की शेजारीपाजारी आवाज खाली आणतात, हे मला माहीत आहे. तिथे निरुपद्रवी गाठीही पाहतात. आईंना निघायच्या आधी सांगून ठेवा, नाहीतर दादर येईपर्यंत त्या रडत राहतील. खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात, कोणतं ऑपरेशन कोणत्या यादीत बसतं हे त्यांना आधी विचारून घ्या.

आता ती अमेरिकेतली गोळी. नेटवर तुम्ही एकीबद्दल वाचलंय, पण अशा दोन औषधांना तिथे मान्यता मिळाली आहे. मघाच्या ढोलाकडे परत चला. ही औषधं ढोल बंद करत नाहीत, गर्दीच्या कानात बोळे घालतात, म्हणजे सीएसएफ-१ची हाक जिथे पोचते तो दरवाजा अडवतात. पहिलं पेक्सिडार्टिनिब. ऑगस्ट २०१९मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. चाचणीत २५व्या आठवड्यापर्यंत औषध घेणाऱ्या ३९ टक्के लोकांची वाढ ठळकपणे आक्रसली, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत एकाचीही नाही. पण ते यकृताला गंभीर इजा करू शकतं, म्हणून अमेरिकेत ते कडक देखरेखीखालीच देण्याची अट घातली गेली. युरोपच्या औषध नियामकांनी तर २०२०मध्ये मान्यताच नाकारली: आजार जिवावर बेतणारा नाही, मग जिवावर बेतेल असं औषध कशाला, असा तो हिशेब. मला तो पटतो. दुसरं व्हिम्सेल्टिनिब, फेब्रुवारी २०२५मध्ये अमेरिकेत मान्य झालं. आठवड्यातून दोनदा घ्यायची कॅप्सूल. चाचणीत ४० टक्क्यांची वाढ आक्रसली, आणि पहिल्या औषधासारखी यकृताची इजा त्या चाचणीत दिसली नाही. डोळ्यांभोवती सूज, अंगाला खाज, थकवा असे त्रास होतात.

ही औषधं अशांसाठी, ज्यांच्या बाबतीत ऑपरेशनने फायद्यापेक्षा तोटा जास्त होईल: आजार फार पसरलाय, तीनदा परत आलाय, किंवा काढताना पायच निकामी होईल. तुमचं अजून एकही ऑपरेशन झालेलं नाही, निदानही पक्कं नाही. परदेशात मंजूर असलेलं औषध स्वतःच्या वापरासाठी मागवायला औषध नियंत्रकांचा परवाना आणि डॉक्टरची चिठ्ठी लागते, आणि किंमत शिक्षकाच्या पगाराच्या आवाक्यातली नसते. जवळचा पर्याय म्हणून आपल्याकडे इमॅटिनिब वापरतात. रक्ताच्या एका कर्करोगावरची ही गोळी आहे, भारतीय बनावटीची स्वस्तात मिळते. तीही ही हाक काही प्रमाणात अडवते. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत २७ रुग्णांपैकी ५ जणांची वाढ आक्रसली, बहुतेकांची होती तिथे थांबली. वाईट नाही, चमत्कारही नाही. यातली कुठलीही गोळी चालू असताना दिवस राहू देऊ नयेत, कारण गर्भाला धोका असू शकतो. लग्नाचं बघताय म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

किरणोत्सर्गाचाही उपाय आहे. बाहेरून किरणं देतात किंवा सांध्यात इट्रियम-९०सारखं किरणोत्सारी द्रव्य टोचतात. वारंवार उलटणाऱ्या आजारात त्याचा विचार होतो. सत्तावीस वर्षांच्या मुलीच्या गुडघ्याला पहिल्या फेरीत मी तो सुचवणार नाही. सांधा आखडणं, त्वचा खराब होणं, आणि फार पुढे त्याच जागी खरोखरचा कर्करोग होण्याची बारीकशी शक्यता, एवढा बोजा या वयात कशाला?

मामांना नमस्कार सांगा आणि जळवा राहू द्या. जळू कातडीतलं रक्त पिते, सांध्याच्या अस्तरापर्यंत तिचं तोंड पोचत नाही. वर जखमेतून जंतू आत जायची भीती. जोरजोराचं तेलमालीशही नको, आत चिमटणाऱ्या झालरींना ते मानवत नाही. सूज चढली की बर्फ लावा. आणि मांडीचा स्नायू वाळू देऊ नका: खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, दहा मोजायचे, खाली. मुलं पाढे म्हणतायत तेवढ्यात होतं. दुखलं म्हणून सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन मात्र आता पुन्हा पुन्हा घेऊ नका, त्याने ही वाढ आक्रसत नाही.

लग्नाचं. सांगा, पण तुकड्याचा अहवाल आल्यावर सांगा. आज सांगायला गेलात तर तुमच्याकडे आमवात, टीबी आणि ट्यूमर अशी तीन नावं आहेत आणि ऐकणारा त्यातलं सर्वांत भीतीदायक तेवढं घरी घेऊन जाईल. निदान पक्कं झालं की मराठीत सांगा: गुडघ्याच्या अस्तराची वाढ आहे, कॅन्सर नाही, संसर्गजन्य नाही, मुलांना होत नाही. गुणसूत्रांचा तो बिघाड फक्त सांध्यातल्या त्या पेशींपुरता असतो, आईबापांकडून येत नाही आणि पोटच्या पोराकडे जात नाही. पुढे ऑपरेशन झालंच तर व्रण दिसणार, वर्षाला एमआरआय होणार. ज्याच्याबरोबर राहायचं त्याला हे कधीतरी कळणारच आहे. तुम्ही शिक्षिका आहात, समजावून सांगायला तुम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. ऐकून जे उठून जातील त्यांना चहा देऊन जाऊ द्या.

राहिली मांडी. त्याचं उत्तर आत्ता माझ्याकडेही नाही आणि तुमच्या सर्जनकडेही नसावं. मांडी घालायला गुडघा काटकोनाच्या बराच पुढे वाकावा लागतो. अस्तर सगळं काढल्यावर सांधा आखडण्याकडे कल असतो. पहिल्या सहा-आठ आठवड्यांत फिजिओकडे चिकाटीने गेलेल्यांचं वाकणं बऱ्यापैकी परत येतं, ‘दुखतंय, उद्या बघू’ म्हणणाऱ्यांचं अडतं. पण परत कुठवर यायचं, याला आज ते कुठवर आहे हे माहीत असावं लागतं, आणि ते बहुतेक वेळा कुणी लिहूनच ठेवत नाही. आज रात्री पालथ्या झोपा, उजवी टाच पाठीमागे दुमडून कुल्ल्याकडे न्या, आणि मधे किती बोटांचं अंतर राहतं ते आईंना मोजायला सांगा. मग डाव्या पायाचं मोजा. दोन्ही आकडे तारीख घालून फायलीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि सर्जनना भेटाल तेव्हा एमआरआयच्या आधी ते पान पुढे करा.